काडी कधी काढायची

६ फेब्रुवारी

चि.

पुढची जागा मोकळी सोडली आहे, विसरले नाही. लग्नानंतर तू पहिल्यांदा मामाकडे राहायला गेलीस तेव्हा तुला पत्र धाडलं होतं, त्यात ‘चि. सौ. सूनबाई’ असं झोकात लिहिलं होतं. आता सौ. लिहिता येत नाही. नुसतं चि. लिहिलं की शाळेतल्या पोरीला लिहिल्यासारखं वाटतं. पेन पुढे जाईना, तेव्हा असू दे तसंच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. तुझ्या सवडीने फोड.

काम एवढंच आहे की मला ती तुझी ग्रेव्ही हवी आहे. भाजलेल्या मांसावर घालायचीस ती, रोजमेरीच्या काडीची. मी तिला रस्सा म्हटलं की तुम्ही दोघं एका सुरात ‘ग्रेव्ही’ म्हणायचात, म्हणून इथे नीट ग्रेव्हीच लिहिते आहे.

मला नको आहे, तुझ्या सासऱ्यांना हवी आहे. पोरगा गेल्यापासून हे चहात बुडवलेल्या पावावर आहेत. काही म्हटलं की म्हणतात, बेकरीवाल्याने पावावर जगावं, त्यात काय चुकलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरते आहे. रविवारचं भाजणंही बंद केलंय. तुला आठवतं ना, पाव निघाल्यावर भट्टीची धग उरायची आणि अख्खी गल्ली आपापले ट्रे घेऊन दारात उभी राहायची, कोणाची कोंबडी, कोणाची मांडी. हे लांब फळीने एकेक ट्रे आत सरकवायचे आणि कोणाचा कुठला हे कधी चुकायचे नाहीत. आता लोक विचारून विचारून थकले. हे रविवारी भट्टी तशीच निवू देतात आणि समोर बसून राहतात.

परवा मटणवाल्याने बकऱ्याची मांडी पाठवली. मी घरच्या ओव्हनमध्ये भाजली. हे एक घास तोंडात घोळवत बसले. कोरडं लागतंय म्हणाले. मी म्हटलं, पाणी घ्या. तर म्हणाले, तिची ती ग्रेव्ही असती तर. अगं, दोन वर्षांत ह्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी हवं म्हटलं. मी तशीच उठून हे पत्र लिहायला बसले.

तेव्हा कृती कळव. रोजमेरीचं झाड तुझं खिडकीतच आहे.

मटणवाल्याची बायको तुझ्या गावी बहिणीकडे जाऊन आली. तुझ्याबद्दल काहीबाही सांगत होती, कोणाबरोबर तरी पाहिलं वगैरे. मी म्हटलं, बाई, तू वजन कर आणि पैसे घे. मी असल्या गोष्टी कानावर घेत नाही, तुला माहीत आहे.

तुझी सासू
(तू आई म्हणायचीस, ती)


२१ फेब्रुवारी

चि.

कार्ड मिळालं. वरपासून खालपर्यंत कृती आणि कोपऱ्यात सही. बरी आहेस की आजारी, जेवतेस की नाही, एक अक्षर नाही. औषधाच्या बाटलीवरसुद्धा ह्याहून जास्त मजकूर असतो. तरी कार्ड आलं ह्याचं मला किती बरं वाटलं ते मी लिहीत नाही.

तू लिहिलंस तसंच सगळं केलं. मांस ट्रेमधून उचलून झाकून ठेवलं. सुटलेली चरबी ओतून काढली, तळाला थोडी राखली. ट्रे तसाच गॅसवर ठेवून दोन चमचे मैदा भुरभुरला आणि बदामी होईपर्यंत परतला. तळाशी जळकट खरवड धरली होती ती उलथन्याने सोडवून घेतली. मग हाडं उकळलेलं पाणी. तू थोडंथोडं लिहिलं होतंस. मी एकदम ओतलं. पन्नास वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला कार्डावरून शिकवलेलं पटत नाही, त्याचं हे फळ. गुठळ्या झाल्या. गाळून घेतलं. मग रोजमेरी टाकली, आणि सगळं मुसळ केरात. काढ्यासारखं कडू झालं.

ह्यांनी ते खाल्लं. पावाने ताटली पुसूनसुद्धा घेतली. मी समोर बसून तोंडाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “हे तिचं नाही.” आणि भट्टीकडे निघून गेले.

आता खरं सांगते. झाड खिडकीत आहे हे खरं, पण ते मेलं आहे. मी जी टाकली ती त्याचीच वाळकी पानं चुरून टाकली होती. म्हटलं, सुकी चालत असतील.

ते कसं मेलं तेही ऐक. तू गेलीस त्या दिवसापासून मी रोज सकाळी त्याला पेलाभर पाणी घालायचे. हे असल्या गोष्टींत लक्ष घालणार नाहीत अशी माझी खात्री. पोरीचं झाड वाळलं तर तिला तोंड काय दाखवू, हे एकच डोक्यात. तरी ते पिवळं पडत चाललं, म्हणून मी दोन पेले घालायला लागले. मग एका दुपारी डोळा लागेना म्हणून उठून आले, तर हे खिडकीशी. म्हटलं, काय करताय. म्हणाले, पाणी पितोय. पेला कुंडीवर उपडा धरलेला, आणि म्हणे पाणी पितोय. हेही रोज घालत होते, मी लवंडले की. त्यांना वाटत होतं मी विसरते. मातीचा चिखल झाला होता, मुळं कुजून काळी पडली होती.

दोन वर्षं आम्ही एकमेकांपासून लपवून एकाच झाडाला पाणी घालत होतो. पोराचं नाव मात्र एकमेकांसमोर काढत नव्हतो. झाड उपटून बघितलं आणि तसंच परत खोचलं त्या दिवशी मात्र काढलं. हे खाली बसले आणि म्हणाले, तो पिठाच्या पोत्याला टेकून बसला तेव्हा मी त्याला आळशी म्हटलं होतं गं. मला ठाऊक होतं. मी दुकानातून ऐकलं होतं. तो बसला तो उठलाच नाही, ह्यात ह्यांचा काय दोष, पण हे त्या एका शब्दावर अडकून बसलेत. घास तिथेच अडकतो त्यांचा.

आठवतं, मी त्या झाडाला रोजमेली म्हणायचे. ही मेली रोजमेली जागा अडवून बसलीय, म्हणायचे. पोरगा हसून हसून लोळायचा आणि मला मुद्दाम पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. आता ती खरंच मेली, आणि हसायला कोणी नाही.

एक विचारायचं राहिलं. तू ‘काडी वेळेवर काढा’ लिहिलंस. वेळेवर म्हणजे कधी? घड्याळ लावून सांग.

आई


९ मार्च

चि.

तुझं पाकीट आलं. ओल्या कागदात गुंडाळलेल्या काड्या अगदी ताज्या होत्या, पाकीट फोडलं तसा घरभर वास सुटला. त्या पेल्यात पाणी घालून ठेवल्या आहेत. पाणी कोण बदलणार हे आम्ही आधी बोलून ठरवलं आहे.

पत्रही वाचलं. एकदा माझं मी वाचलं, मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी अर्ध्यावर थांबले. पुढचं ह्यांनी स्वतः वाचलं.

काडी कधी काढायची ते आता कळलं. शेगडीशी उभ्या असलेल्या बाईला ते कळतच नाही, तिचं नाक त्या वासाने भरून गेलेलं असतं. म्हणून दुसऱ्याने दाराबाहेर उभं राहायचं. बाहेर वास आला की त्याने सांगायचं ‘आली’, म्हणजे रोजमेरी आली, आणि आतलीने तत्क्षणी काडी उचलायची. एकट्या माणसाला ही ग्रेव्ही जमत नाही म्हणतेस. कार्डावर हे का लिहिलं नाहीस तेही समजलं.

अगं, म्हणजे तो दर रविवारी अंगणातून ‘आली, आली’ ओरडायचा ते हे होतं? मी इतकी वर्षं समजत होते की तो गिऱ्हाइकं आली म्हणून सांगतोय. हातातलं टाकून, हात पुसत, केस सारखे करत मी दुकानात जायचे, आणि तिथे चिटपाखरू नाही. मग मी त्याला फैलावर घ्यायचे. आईची चेष्टा करतोस, तुला लाज नाही, म्हणायचे. तो नुसता दात काढायचा. आणि तू आत पळीच्या मागे तोंड लपवायचीस. दोघांनी मिळून मला छान बनवलंत. हे वाचून मी हसले, आणि मग मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

आता दुसरं. तू लिहिलंस की तो गेल्यावर तू पुन्हा कधी ती ग्रेव्ही केली नव्हतीस. मग मागच्या थंडीत एकदा काही न ठरवता करायला घेतलीस, आणि जिन्यात उभ्या असलेल्या एका माणसाने, कोणी शिकवलेलं नसताना, आत डोकावून सांगितलं की वास जिन्यापर्यंत आला आहे. तू काडी काढलीस. आणि आता तू त्याच्याशी लग्न करते आहेस.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. मटणवाल्याच्या बायकोकडून कळलं तेव्हा आला नव्हता एवढा आता आला. तू दुसरं लग्न करावंस, करायलाच हवंस, तुझं वय ते काय. तुझा मामाही गेला, तुला मागेपुढे कोणी नाही. हे मला कळतं, मी काही दगड नाही. पण ती हाक त्याची होती. लग्न कर, घर कर, पण ती हाक दुसऱ्याच्या तोंडी गेली हे मला सोसत नाही.

तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता म्हणून फोन उचलत नव्हते, असं लिहिलंस. आणि आम्ही समजत होतो की तू आम्हाला विसरलीस. मला वाटतं विसरली असतीस तर मला कमी लागलं असतं. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

आज एवढंच. सही करत नाही, कुठली करावी कळत नाही.


१९ मार्च

चि.

मागच्या पत्राचं उत्तर तू दिलं नाहीस, आणि देऊ नयेसच असं ते पत्र होतं. हे मला म्हणाले, धाडायच्या आधी मला का दाखवलं नाहीस. मी म्हटलं, दाखवलं असतं तर धाडू दिलं नसतंत.

काल रविवारी ह्यांनी भट्टी निवू दिली नाही. मला काही न सांगता मटणवाल्याकडून मांडी आणली, मीठमिरी चोळली आणि ट्रे आत सरकवला. वास गल्लीत गेला तशी माणसं येऊन डोकावायला लागली. ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, आज फक्त घरचं आहे. पण दोन वर्षांनी रविवारी त्यांच्या कपाळाला भट्टीची काजळी लागलेली बघितली.

मांस झाल्यावर मी ग्रेव्ही करायला घेतली. मैदा नीट परतला, पाणी थोडंथोडं घातलं, गुठळी एक नाही. मग तू पाठवलेली काडी सोडली आणि ह्यांना म्हटलं, आता बाहेर जा. दाराबाहेर उभे राहा, आणि वास आला की सांगा. हे म्हणाले, काय सांगू. मी म्हटलं, पोरगा काय सांगायचा तेच. हे जरा उभे राहिले, मग गेले.

मी ढवळत होते. तुझं म्हणणं खरं आहे, मला काही म्हणता काही वास येत नव्हता. वाट बघता बघता माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. तू ह्याच जागी उभी राहायचीस, ह्याच खिळ्याला तुझा ॲप्रन असायचा, असलं काहीतरी. आणि बाहेरून हे म्हणाले, “आली.”

मी पळी टाकली आणि दारात धावले. हात पुसले, केस सारखे केले. तू आलीस असंच वाटलं मला, दुसरं काही मनात आलंच नाही. रागावून लिहिलेलं पत्र वाचून पोरगी उठून आली, असं वाटलं. दारात हेच उभे, एकटे, नाक वर केलेलं. मला बघून ह्यांना कळलं मी का धावले. आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो आणि काडी आत उकळत राहिली.

ग्रेव्ही कडू झाली, सांगायलाच नको. तरी वाढली. ह्यांनी सगळं मांस खाल्लं, दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी म्हटलं, कडू आहे ना. म्हणाले, आहे थोडी, पण तिचीच आहे. नंतर हात धुताना म्हणाले, तो माणूस जिन्यात उभा राहिला नसता तर पोरगी एकटीच कडू खात बसली असती.

रात्रभर मात्र तेच डोक्यात होतं. माझ्यासाठी बाहेर उभं राहायला हे तरी आहेत. तुझ्यासाठी जिन्यात कोणी नसावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणत होते?

माझं ते पत्र फाडून टाक.

आई


४ एप्रिल

वर आज चि.सुद्धा लिहिलेलं नाही. मायना शेवटी लिहिणार आहे. आधी काय झालं ते सांगते.

काल तुझा तो जिन्यातला माणूस आला होता, चष्मेवाला निघाला. तू पाठवलंस की त्याचा तो आला, त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुकानात पाव घ्यायला उभा राहिला. घेतला. पुन्हा बन घेतले. मग बिस्किटं. हातात मावेना तेव्हा मी म्हटलं, एवढं कोण खाणार आहे. तर कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, मी तिच्याकडून आलोय. तुझं नाव घ्यायचासुद्धा धीर होईना बिचाऱ्याला.

मी आत बसवलं. चहा दिला. मला तो आवडू नये असं मी ठरवलं होतं, पण त्याने चष्म्यावर वाफ धरलेली असताना तशीच बिस्किटं चहात बुडवली आणि अर्धं बिस्कीट कपात पडलं. ते बोटाने शोधत बसला. अशा माणसाचा राग किती वेळ धरणार.

हे भट्टीसमोर होते. तो जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला. लांब फळीला हात लावू का म्हणाला. हे म्हणाले, जपून, चटका बसेल. मग दोघांनी मिळून पाव बाहेर काढले. शेवटी त्याने सांगितलं की लग्न साधंच आहे, नोंदणी आणि मग थोड्या लोकांचं जेवण. जेवणाला भाजलेलं मांस तू म्हणालीस म्हणे. त्याच्याकडून माणसं बरीच आहेत, आईवडील, बहिणी, काका. तुझ्याकडून कोण, असं विचारलं की तू विषय बदलतेस. तो जमिनीकडे बघत बोलत होता. तुम्ही याच असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणाला.

ह्यांनी फळी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “आम्ही येतो. आम्ही मुलीकडचे.”

मी दाराआड होते. माझे हात पिठाचे होते म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

तेव्हा आम्ही येतो आहोत. मागच्या वेळी आम्ही मुलाकडचे होतो. मी चहा गार आहे म्हणून दोनदा परत पाठवला होता आणि तुझा मामा घामाघूम झाला होता. ह्या वेळी त्याच्या आईने माझा चहा परत पाठवला तर मी गुमान गरम करून देईन. दोन पायऱ्या खाली उभी राहीन, सगळ्यांना हवं नको विचारीन, कोणी नावं ठेवली तर ऐकून घेईन. थोडंच ऐकून घेईन.

रडेन मी तिथे, आधीच सांगून ठेवते. तो शेजारी उभा असेल आणि मला आमचा दिसेल. त्याला काही मी उपाय करू शकत नाही, आणि तू करायला जाऊ नकोस. पोरगा गेल्याचं दुःख माझं आहे, ते मी तुझ्या लग्नात घेऊनच येईन. ते घरी ठेवून येता येत नाही. पण कोपऱ्यात बसवीन, मध्ये येऊ देणार नाही.

ग्रेव्ही मी करणार. दुसऱ्या कोणाला सांगू नकोस, सांगितलं असशील तर नको म्हण. तू पाठवलेल्या काड्यांपैकी एकीला पेल्यात मुळं फुटली आहेत, ती कुंडीत लावून तुझ्यासाठी आणते आहे. माती कोरडी असेल तरच पाणी घालायचं, आणि घालण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारायचं, हे त्यालाही सांग. बाकीच्या काड्या ग्रेव्हीत.

मी आत शेगडीशी असेन. दाराबाहेर त्याला उभं कर. हेही म्हणाले, त्यालाच राहू दे उभं, मी आता मांसाकडे बघतो. त्याला म्हणावं, चष्मा काढ, नाकाचं काम आहे. आणि वास आला की लाजू नकोस, आमचा पोरगा ओरडायचा तसं मोठ्याने म्हण. मी ह्या वेळी पळी टाकून दाराकडे धावणार नाही. तू माझ्या शेजारी उभी असशील, मग धावायचं कोणासाठी. मी काडी काढीन.

आता मायना. दुसऱ्यांदा लग्न करणाऱ्या मुलीला काय लिहितात ते मला माहीत नव्हतं. ह्यांना विचारलं. म्हणाले, लग्न ठरलेल्या कुठल्याही मुलीला तिच्या घरचे जे लिहितात तेच. ते मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. मला मुलगी नव्हती, त्यामुळे ती वेळ आली नाही. सौभाग्याची इच्छा करणारी, असा त्याचा अर्थ. तू कर इच्छा. ह्या वेळी ते टिकू दे, माझ्याहून आणि ह्यांच्याहून कितीतरी जास्त टिकू दे. हे शेजारी बसून बघताहेत की मी लिहिते की नाही.

चि. सौ. कां. लेकीस